'अनलिमिटेड'च्या मापात पाप

घरगुती गॅसच्या सिलिंडरवर १४.२ किलो असे लिहिलेले असते. शंका आली तर सिलिंडर घेऊन येणाऱ्याला काटा लावून दाखव म्हणता येते. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप मागता येते. किराणा दुकानातल्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. ब्रॉडबँडच्या धंद्यात मात्र माप कोणते? 'अनलिमिटेड'. आणि या अनलिमिटेडला लिमिट असते!

त्या लिमिटचे नावही मोठे गोड ठेवले आहे: फेअर युसेज पॉलिसी, म्हणजे न्याय्य वापराचे धोरण. ठरलेला डेटा संपला की लाइन बंद होत नाही, वेग पाडला जातो. आमच्या इमारतीत मुंब्र्याच्या एका केबलवाल्याचीच वायर येते. जाहिरात '१०० एमबीपीएस अनलिमिटेड'ची. तिसरा आठवडा लागला की वेग १ एमबीपीएसवर. विचारायला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "भाई, अनलिमिटेड म्हणजे बंद पडणार नाही, एवढंच." ३०० जीबीची मर्यादा पावतीवर नव्हती, पत्रकावरही नव्हती. शेजारची मुलगी नीटची तयारी करते. तिची सराव परीक्षा महिनाअखेरीस असते, म्हणजे नेमकी वेग पडल्यानंतर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून थोडा हिशोब मांडतो. १ एमबीपीएस वेगाने १ जीबी उतरवायला सव्वादोन तास लागतात. ५१२ केबीपीएसवर साडेचार तासांच्या जवळपास. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला तासाला साधारण १ जीबी लागतो असे धरा. दोन मुले रोज तीन-तीन तास शिकली, तर पंचवीस दिवसांत १५० जीबी झाले. घरून काम करणारा मुलगा, आखातातल्या अब्बांशी रोजचा व्हिडिओ कॉल, अम्मीच्या शिलाईच्या ऑर्डरी, हे सगळे अजून बाकीच आहे. मर्यादा डोक्यामागे नसते, कनेक्शनमागे असते. तीन खोल्यांत दोन माणसे राहतात तिथे ती कधी लागत नाही. दोन खोल्यांत आठ माणसे राहतात तिथे ती दर महिन्याला लागते. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये ३,३०० जीबीपर्यंतची मर्यादा असते, ती सामान्य घराला जाणवतही नाही. छोट्या मर्यादेचा फटका बसतो तो स्वस्त प्लॅन घेणाऱ्याला आणि ज्याच्या दारात एकच वायर येते त्याला.

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: थोडे लोक भरमसाट वापरतात, त्यांना आवरले नाही तर बाकीच्यांना वेग मिळणार नाही. यात अर्धे सत्य आहे. फायबरची एक लाइन अनेक घरांत वाटलेली असते. जीपॉन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या तंत्रात सुमारे अडीच जीबीपीएसची क्षमता ३२ किंवा ६४ घरांत विभागतात. सगळे एकाच वेळी बसले तर गर्दी होणारच. पण गर्दी होते ती रात्री आठ ते अकराच्या दरम्यान. बावीस तारखेला पहाटे तीन वाजता माझा वेग पाडून कोणाला काय मिळते? डेटा टाकीतले पाणी नाही की मी उपसले म्हणून शेजाऱ्याची बादली रिकामी राहील. त्या क्षणी न वापरलेली क्षमता वाया जाते, उद्यासाठी शिल्लक राहत नाही. गर्दी आवरायची असेल तर गर्दीच्या वेळी, सर्वांना सारख्या नियमाने आवरा. महिन्याचा कोटा लावून ग्राहकाला वरच्या प्लॅनकडे ढकलणे हा विक्रीचा डाव आहे, त्याला न्याय्य वापर म्हणू नका.

मर्यादेलाच माझा विरोध आहे असे नाही. २०० जीबीचा प्लॅन २०० जीबी म्हणून विका, ज्याला परवडेल तो घेईल. हरकत आहे ती खोट्या मापाला. मापात कमी देणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे. आपल्या मराठीत यालाच 'मापात पाप' म्हणतात. बाजारातला हा गुन्हा किती जुना आहे हे यावरून कळावे.

कायदाही याबाबतीत मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे आणली. खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवा, आणि त्याने दावाच खोडून काढता कामा नये, असे ती सांगतात. आता कोणतेही पत्रक उचला. 'अनलिमिटेड' हाताएवढ्या अक्षरांत, शेजारी चांदणी, आणि चांदणीचा अर्थ तळाशी मुंगीच्या अक्षरांत, तोही इंग्रजीत. हा खुलासा दाव्याचे स्पष्टीकरण करत नाही, दावा मागे घेतो.

वेगाचीही तीच गोष्ट. २०१३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या किमान ५१२ केबीपीएस अशी केली. २०१६ मध्ये ट्रायने निर्देश दिला की मर्यादा संपल्यावरही घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसखाली नेता येणार नाही, आणि ५०, ९० व १०० टक्के वापर झाल्यावर ग्राहकाला कळवावे लागेल. तत्त्व सरळ होते: ब्रॉडबँडचे पैसे घेता, तर महिनाभर ब्रॉडबँड द्या. जानेवारी २०२३ मध्ये व्याख्या २ एमबीपीएसवर गेली. मग त्याच तत्त्वाने मर्यादेनंतरचा किमान वेगही २ एमबीपीएस हवा. त्याखाली जे मिळते त्याला सरकारच ब्रॉडबँड म्हणत नाही. बिल मात्र ब्रॉडबँडचेच येते.

कोणी म्हणेल, देशात आणि समाजात एवढे मोठे प्रश्न असताना इंटरनेटच्या वेगाचे काय घेऊन बसलात? २०१९ मध्ये कोझिकोडची विद्यार्थिनी फहीमा शिरीन वसतिगृहातल्या मोबाइलबंदीविरुद्ध केरळ उच्च न्यायालयात गेली. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशाची यादी, नोकरीची मुलाखत सगळे याच वायरीतून येते. आपल्या मुलींनी शिकावे म्हणून आपण सभा घेतो. मग त्यांच्या अभ्यासाची वायर महिन्यातून दहा दिवस आवळली जाते, हा आपला प्रश्न नाही कसा?

मागण्या तीनच आहेत. मर्यादा आणि मर्यादेनंतरचा वेग किमतीशेजारी, त्याच आकारात, मराठीत लिहा. मर्यादेनंतर २ एमबीपीएसखाली जाऊ नका. आणि सोसायट्यांनो, एकाच केबलवाल्याला इमारत आंदण देऊ नका, दुसऱ्यालाही वायर टाकू द्या.

तोवर आपण काय करायचे? पैसे भरण्याआधी मर्यादा लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. वेग पडला की स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्या, दाद मिळाली नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाची दारेही उघडी आहेत. दूरसंचार सेवेची तक्रार तिथे करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. एकट्याची तक्रार फायलीत पडून राहील. एका इमारतीतून वीस तक्रारी गेल्या तर केबलवाला स्वतः जिना चढून वर येईल.