मराठी येते का? एक चौकट पुरत नाही

“तुला मराठी येते का?” असं कुणी विचारलं की तुमच्यापैकी बरेच जण पटकन “नाही” म्हणतात. मला हे उत्तर पटत नाही. पण चूक तुमची नाही, प्रश्नाची आहे.

आधी माहितीचे प्रकार बघू. घरात माणसं किती? चार. ही मोजायची संख्या, साडेचार माणसं नसतात. उंची किती? १४२.५ सेंटिमीटर. हे माप, ते अपूर्णांकात चालतं. भाषा कोणती? मराठी, वेल्श, गुजराती. ही नुसती नावं, त्यांत लहान-मोठं काही नाही. भाषा कशी बोलता? अजिबात नाही, थोडी, बरी, उत्तम. इथे क्रम आहे, पण ‘थोडी’ आणि ‘बरी’ यांत नेमकं किती अंतर, ते सांगता येत नाही.

आणि हो, अंक दिसला की ती संख्याच असते असं नाही. पुण्याचा एक पिनकोड ४११००१, नाशिकचा ४२२००१. म्हणून नाशिक पुण्यापेक्षा मोठं ठरत नाही!

आता २१ मार्च २०२१ ची जनगणना बघा. वेल्समध्ये प्रत्येकाला मुख्य भाषा विचारली होती. उत्तर एकच द्यायचं. ‘इंग्रजी किंवा वेल्श’ यावर खूण केली, की घरातली मराठी कागदावरून गायब! वेल्शसाठी मात्र वेगळा प्रश्न होता: ऐकून समजते का, बोलता येते का, वाचता येते का, लिहिता येते का? लागू असतील तेवढ्या खुणा करायच्या. त्यातून कळलं, की तीन वर्षं आणि त्यावरच्या वयाचे ५,३८,३०० लोक, म्हणजे १७.८ टक्के, वेल्श बोलतात. ज्यांना नुसती समजते, तेही नोंदले गेले.

मला वाटतं, आपण मराठीही अशीच मोजावी. फोनवर आजी काय म्हणते ते समजतं? एक खूण. उत्तर मोडकंतोडकं देता? दुसरी खूण.

कुणी म्हणेल, ही नुसती मनाची समजूत आहे. तसं नाही. “येत नाही” म्हटलं की विषयच संपतो. चार चौकटी समोर असल्या, की कोणती रिकामी आहे ते दिसतं, आणि पुढे काय शिकायचं तेही कळतं.

हा धडा तुम्ही इथपर्यंत वाचलात ना? मग तिसऱ्या चौकटीत खूण करा. चौथी पुढच्या आठवड्यात बघू.