आधी कारभारी नेमा, इमारत मग बांधा

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेच्या दोन्ही काठांवरची माणसे लोटतात, चंद्रपूरकडची आणि गडचिरोलीकडचीही. आरोग्याचा कार्यक्रम आखणाऱ्याला अशी गर्दी मोहात पाडते. मंडप टाकायचा, दोन डॉक्टर बसवायचे आणि संध्याकाळी तपासण्यांचा घसघशीत आकडा वर कळवायचा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपुढे ही युक्ती चालत नाही. एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीसाठी घेतलेला नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निकाल येईपर्यंत ती बाई एटापल्लीच्या पुढच्या एखाद्या टोल्यावर परतलेली असते. तिला शोधून काढणे, उपचाराला आणणे आणि पुढची काही वर्षे तिच्यावर लक्ष ठेवणे हे मंडपाचे काम नाही, ते संस्थेचे आहे. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही ते सुरू झाले आहे. आता या दोन जिल्ह्यांनी विषाणूंमुळे होणाऱ्या कर्करोगांवर काम करणारे आणि त्यासाठी तरुण संशोधक घडवणारे केंद्र मागावे. मात्र मागताना इमारतीचा नकाशा बाजूला ठेवावा आणि कारभाराची घडी आधी बसवावी.

हाच विषय का, याला कारण आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्हीमुळे होतो हे दाखवणारे हाराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ साली नोबेल मिळाले. यकृताच्या कर्करोगामागे अनेकदा हिपॅटायटिस बी असतो. या दोन्ही विषाणूंवर लस आहे, आणि संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. एवढा अवधी देणारे कर्करोग थोडे. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांपैकी जेमतेम दोघींची गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेली होती. गडचिरोलीला तर हे फार आधी सांगून झाले आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला तो अभ्यास कर्करोगाचा नव्हता, पण बाई दवाखान्यात येत नाही म्हणजे ती निरोगी आहे, हा समज त्याने मोडीत काढला.

असे केंद्र ग्रामीण भागात चालू शकते का, याचे उत्तर बार्शीने दिले आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात टाटा रुग्णालयाच्या मदतीने १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली माणसे कॅन्सर झाला तरी रुग्णालयापर्यंत पोचत नव्हती, म्हणून नोंदणीची माणसेच गावोगाव गेली. आजाऱ्यांची चौकशी, मृत्यूची चौकशी, पुन्हा तेच गाव. या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. पण त्याच पायावर १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास उभा राहिला. एचपीव्हीची एकच चाचणी आणि वेळेवर उपचार एवढ्याने पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ साली जगासमोर आला. बारा वर्षे नोंदी ठेवण्याची चिकाटी नसती, तर कोण मेले आणि कशाने मेले हेच कळले नसते.

तरुणांना घडवण्याचा नमुनाही घरचाच आहे. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम केले. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. गर्भाशयमुखाच्या गाठीतून निघालेल्या जगप्रसिद्ध हीला पेशी तिथल्याच. परत येऊन रणदिवेंनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली, स्तनांच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी आणि विषाणूशी असलेला संबंध उंदरांवर तपासला, काही वर्षे संचालकपदाचा भार वाहिला आणि परदेशी गेलेल्या तरुणांनी परत यावे म्हणून खटपट केली. त्याच बाई पुढे अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला गेल्या. प्रयोगशाळा आणि पाडा ही दोन वेगळी विश्वे आहेत, असे मानणाऱ्यांनी ही कारकीर्द पाहावी.

आता आपल्याकडचा रिवाज पाहा. प्रकल्पावर घेतलेल्या तरुणाला अकरा महिन्यांचा करार मिळतो. निम्मे वर्ष नैतिकता समितीची मंजुरी आणि खरेदीच्या निविदा यांत जाते. चाचणीचे किट येते तेव्हा त्याची मुदत संपत आलेली असते. मग मार्चअखेर उपयोगिता प्रमाणपत्रासाठी धावाधाव. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद होतो, हे त्या निविदेला ठाऊक नसते. बाँडवर आलेला डॉक्टर माडिया भाषेतले चार प्रश्न शिकतो न शिकतो तोच त्याची मुदत भरते. दहा-वीस वर्षे मुरणाऱ्या रोगाचा अभ्यास अकरा महिन्यांच्या माणसांकडून करून घेण्याचा हा प्रकार आहे. म्हणून केंद्राच्या प्रशासकाचे पहिले काम हिशेब तपासणे नसून तरुण संशोधकाला वेळ मिळवून देणे हे असावे: पाच वर्षांची नेमणूक, आठवड्यातले ठरलेले दिवस रुग्णसेवेतून मोकळे, एक मार्गदर्शक मुंबई-नागपूरचा आणि एक इथल्या गावांत मुरलेला. हा दुसरा मार्गदर्शक अनुभवी परिचारिका असली तरी चालेल. खरे तर तीच बरी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जिथे डॉक्टरांची पदे रिकामी आहेत तिथे संशोधनाची चैन कशाला? पण बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बालकांच्या घरच्या घरी सेवेचा जो प्रयोग केला, तो संशोधन नसता तर देशभरच्या आशाताईंच्या कामात आला नसता. शिवाय शिकायला मिळते तिथे डॉक्टर टिकतो, नुसत्या भत्त्याने टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आदिवासी बायकांवर प्रयोग होतील, ही भीती निराधार नाही. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला आदिवासी मुलींना दिलेल्या एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात संमतीची हेळसांड झाली आणि २०१० साली सरकारला तो थांबवावा लागला. उस्मानाबादच्या अभ्यासातही एका गटाची तपासणीच केली नव्हती. त्या गटात ६४ स्त्रिया या कर्करोगाने गेल्या, आणि त्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. पण याचे उत्तर संशोधन बंद ठेवणे नव्हे. तपासणीचा उपयोग आता सिद्ध झाला आहे, त्यामुळे कोणालाही तिच्यापासून वंचित ठेवणारा अभ्यास इथे होऊच नये. संमती गोंडी-माडियात, तोंडी, दुसऱ्या बाईच्या साक्षीने घ्यावी. ग्रामसभेला प्रश्न विचारण्याचा आणि नाही म्हणण्याचा अधिकार असावा. हे सारे अखेर कारभाराचेच मुद्दे आहेत.

दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी केंद्रासाठी जागा शोधण्याआधी एक पूर्णवेळ संचालक आणि नोंदणीचे कर्मचारी पाच वर्षांसाठी नेमावेत. दोन खोल्या आणि एक जीप एवढ्यावर त्यांचे काम सुरू होऊ शकते.