घ्यावा की न घ्यावा? : 'बाल्डर्स गेट ३'

बेल्जममधील लॅरियन स्टुडिओज या संस्थेने २०२३ साली काढलेला हा अद्भुतरम्य संगणकखेळ घरी आणावा काय? खेळणाराने एक पात्र घ्यावयाचे, सोबती जमवावयाचे व प्रसंगोपात्त निर्णय करावयाचा. कथानक त्यानुसार वळते. लढाई पाळीपाळीने चालत असल्याने हाताच्या चपळाईपेक्षा विचारासच येथे मान अधिक. चौघांस एकत्र खेळता येते, हे विशेष. तथापि संगणकात सुमारे १५० गिगाबाइट जागा हवी, आणि कथा संपावयास साठसत्तर तास सहज जातात. शिवाय त्यात रक्तपात व उघड शृंगार असून युरोपात तो १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच योग्य ठरविलेला आहे. सबब जेथे एकच संगणक लहानथोरांत सामाईक आहे, तेथे तो न घेणेच इष्ट. सवड असलेल्या प्रौढ रसिकांचे पैसे मात्र सार्थकी लागतील.