पायाखालचा प्लाय सरकला!

फ्लॅट शेअर करतात, कॅब शेअर करतात. माझ्या ओळखीतल्या चौघांनी चक्क एक बोट शेअरमध्ये घेतली. सोळा फुटी, फायबरची, अलिबागकडच्या एका वाडीत नारळाखाली तीन पावसाळे उघडी पडलेली. किंमत एका बऱ्यापैकी फोनएवढी. चौघंही आठवडाभर स्क्रीनसमोर बसणारे, त्यामुळे ‘स्वतःच्या हातांनी काहीतरी करू या’ ही खाज होतीच. पहिल्याच शनिवारी एक जण आत चढला आणि त्याचा पाय घोट्यापर्यंत फ्लोअरमध्ये गेला.

आता तुम्ही म्हणाल, फायबर कुठे कुजतं? बरोबर आहे, फायबर कुजत नाहीच. पण अशा बऱ्याच जुन्या बोटींमध्ये फ्लोअर म्हणजे प्लायवूड आणि त्यावर फायबरचा पातळ थर, एवढंच असतं. त्याखाली बोटीच्या लांबीला धावणारे लाकडी दांडे, म्हणजे स्ट्रिंजर. तेही फायबरमध्ये गुंडाळलेले. कुणीतरी कधीतरी सीट बसवताना स्क्रू मारतं, त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला त्याला वाटच नसते. मग बुरशी आपलं काम निवांत करते. गंमत म्हणजे यातला खरा व्हिलन समुद्र नाही, पाऊस आहे! खारं पाणी बुरशीला फारसं मानवत नाही. गोडं पाणी म्हणजे मेजवानी. त्यामुळे खाऱ्या पाण्यात फिरून आलेल्या बोटीची वाट लागते ती वाडीत सुलटी पडून राहिल्यावर.

अशा वेळी सल्ले देणारे खूप भेटतात. ‘वरून बारा एमएमचा प्लाय ठोका, त्यावर मॅट टाका, विषय संपला.’ विकणाऱ्यासाठी विषय खरंच संपतो, बसणाऱ्यासाठी नाही. फ्लोअर म्हणजे काही नुसता उभं राहायचा ओटा नव्हे. फ्लोअर आणि स्ट्रिंजर मिळून बोटीचा तळ ताठ ठेवतात. आणि या चौघांतल्या एकीला पोहता येत नाही, तर एकाला त्याच्या पाच वर्षांच्या मुलीला फिरवायचंय. तेव्हा झाकपाक नाही, सगळं उघडायचं, असं ठरलं. (माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच.)

उघडायच्या आधी बोटीला खालून नीट टेकू द्यायचे. स्ट्रिंजर कापले की तळ लवचीक होतो. तेव्हा तो वाकडा बसला आणि तुम्ही वरून नवा फ्लोअर चिकटवलात, तर बोट जन्मभर वाकडी. मग नाण्याने टकटक करत फिरायचं. टणक आवाज आला तर ठीक, भद्द आला तर सडलेलं. सर्क्युलर सॉचं पातं फ्लोअरच्या जाडीइतकंच बाहेर ठेवून कापायचं, कडेला दोन-तीन इंचांची पट्टी सोडून. नवा जोड याच पट्टीवर येतो, पण ती निबर असेल तरच. ग्राइंडर चालू झाला की काचेची धूळ उडते. तोंडाला रुमाल वगैरे विसरा. चांगला रेस्पिरेटर, गॉगल आणि पूर्ण बाह्या. हे केलं नाही तर सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही फक्त खाजवत बसाल.

फ्लोअरखाली निघाला फोम. पिवळट, आणि दाबला की पाणी. खरं तर बोट पाण्याने भरली तरी बुडू नये म्हणून हा फोम असतो. 1961 मध्ये ‘लाइफ’ मासिकात एक गाजलेला फोटो आला होता. ‘बोस्टन व्हेलर’चे डिक फिशर आपल्या बोटीत शांत बसलेत, बोट मधोमध करवतीने कापली जातेय आणि ते तरंगतायत! ती करामत फोमची. एक घनफूट कोरडा फोम साधारण 27 किलो वजन तरंगत ठेवतो. तोच ओला झाला की उलट ओझं होतो, आणि वरून बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. या चौघांनी खरवडून काढलेल्या फोमच्या गोण्या दोघांना मिळूनही उचलेनात. म्हणजे ज्याच्या भरवशावर बसायचं, तोच बुडवायला बसलेला.

नवा प्लाय घेताना ‘वॉटरप्रूफ आहे हो’ या शब्दावर जाऊ नका, आयएस 710 हा शिक्का बघा. तो मरीन प्लाय. किचनच्या कपाटाचा प्लाय कपाटालाच राहू दे. रेझिनमध्ये पॉलिएस्टर स्वस्त, पण लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. इपॉक्सी घेतलंत तर विणलेलं काचकापड घ्या. साध्या मॅटमधला धागे बांधून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. पॉलिएस्टरच घेणार असाल तर एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवा. डब्यासोबत बऱ्याचदा दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि हार्डनर. त्या दोन्ही थेट एकमेकांत कधीही मिसळायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. तेव्हा गॉगल इथेही.

बाकी काम तसं चिकाटीचं. जुनं फायबर खरबरीत घासायचं, अॅसिटोनने पुसायचं. प्लायला खालच्या बाजूने आणि चारही कडांना बसवण्याआधीच रेझिन पाजायचं, कारण नंतर तिथे हात पोचत नाही. स्क्रूचं भोक मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं आणि त्यात पुन्हा बारीक भोक पाडायचं, म्हणजे स्क्रूची आणि लाकडाची गाठच पडत नाही. आणि हे सगळं कोरड्या हवेत. पावसाळ्यात हात लावायचा नाही. ओल्या प्लायवर फायबर चढवणं म्हणजे बुरशीला पुन्हा जेवायला बोलावणं.

चौघांचे पाच वीकेंड गेलेत, फ्लोअर बसलाय, रंग व्हायचाय. पण पहिली फेरी मांडव्याला नाही. आधी कमरेएवढ्या पाण्यात बोट नेऊन, मोटरच्या वजनाइतकी वाळूची पोती मागे ठेवून, ती बादल्यांनी काठोकाठ भरायची आणि तरंगते का बघायचं. लाइफ जॅकेट घालूनच. मुलगी त्या दिवशी किनाऱ्यावर आजीसोबत.