पटाचारेचे वस्त्र आणि आपली तिलांजली

आज सर्वपित्री अमावास्या. रामटेकच्या अंबाळा तलावावर तर्पणासाठी भाविकांची दाटी होईल; आणि येत्या दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बौद्ध बांधवांचा जनसागर लोटेल. तेथे १९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यावरून ‘ह्यांना गेलेल्यांचे काही नाही’ असा ग्रह आपल्या कित्येक घरांत आढळतो. तो निराधार होय.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक जीव गेले. ज्या उदकाने पितरांना तृप्त करावयाचे, त्या उदकानेच घात केला. अशा शोकाला धर्माने काय द्यावे? व्यासपीठावरून सहज मिळणारे उत्तर ‘प्रारब्ध!’ लेकरू वाहून गेलेल्या मातेसमोर हा शब्द उच्चारणे ही निर्दयता होय, मग तिला शास्त्राधार कितीही असो.

थेरीगाथेच्या अट्ठकथेत पटाचारेचे वृत्त आहे. वादळी रात्री पती सर्पदंशाने गेला. सकाळी नदी ओलांडताना तान्हे ससाण्याने उचलले, थोरले प्रवाहात गेले. माहेर गाठावे तो त्याच वादळात घर कोसळून आईबाप व भाऊ एका चितेवर! भान हरपून ती विवस्त्र भटकू लागली. लोकांनी हाकलले. भगवान बुद्धांनी मात्र ‘भगिनी’ म्हणून साद घातली, शुद्धीवर ये म्हटले. कोणी आपले उपरणे तिच्याकडे टाकले. उपदेश झाला तो त्यानंतर. हा क्रम मला साऱ्या तत्त्वचर्चेहून मोलाचा वाटतो.

आजही बौद्ध घरांत मृत्यूनंतर त्रिशरण-पंचशीलासह जलदानविधी व पुण्यानुमोदन होते. दान करावे, त्याचे पुण्य दिवंगतास अर्पावे. रडण्याने मृताचे हित होत नाही, दानाने होते, असा तिरोकुड्डसुत्ताचा आशय. आमची याज्ञवल्क्यस्मृती तरी निराळे काय सांगते? आप्तांची आसवे प्रेताला नाइलाजाने गिळावी लागतात, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया करावी.

पण पुरात सारे कुटुंबच गेले, तर पाणी देण्यास उरतो कोण? आपल्या तर्पणात, जे आपले बांधव नव्हते अशांसाठीही अंजली सांगितली आहे. पुढच्या यजमानाच्या घाईत पुष्कळदा नेमकी तीच गाळली जाते. गुरुजींना थांबवून आज ती मागून घ्यावी, आणि मोवाडच्या मृतांसाठी, जात न विचारता, सोडावी.