ढोलकपूरचा भीम आणि येरळेची वाळू

३१ मे २०२४ रोजी 'छोटा भीम अँड द कर्स ऑफ दमयान' हा चित्रपट प्रदर्शित झाला. २००८ पासून 'पोगो' वाहिनीवर चालत आलेल्या 'छोटा भीम' या कार्टून मालिकेवर तो आधारलेला आहे. हीच कथा २०१२ साली कार्टून चित्रपटाच्या रूपाने येऊन गेली होती; बारा वर्षांनंतर ती हाडामांसाचे नट घेऊन पुन्हा सांगण्यात आली. पुरोगामी वर्तुळात अशा चित्रपटांची दखल घेण्याची पद्धत नाही. पोरासोरांचा विषय म्हणून तो बाजूला सारला जातो. परंतु भीम, चुटकी, राजू, जग्गू ही नावे आज सातारा-सांगलीकडच्या वाडीवस्तीवरील मुलांनाही आपल्या सवंगड्यांइतकी परिचित आहेत. लहान मुलांच्या मनात काय पेरले जात आहे याची चौकशी न करणारी चळवळ पुढे तरुण आपल्याकडे का फिरकत नाहीत म्हणून हळहळत बसते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. अद्भुताचे वेड हे प्रतिगामीपणाचे लक्षण नव्हे. मराठी रंगभूमीचा जन्मच अद्भुतातून झाला आणि तोही सांगलीत. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले. देव आणि राक्षस रंगमंचावर अवतरले आणि प्रेक्षक थक्क झाले. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडविल्या होत्या. निर्जीव आकृतीला हालविणे आणि जिवंत नटाला राक्षस करणे, या दोन्ही कला एकाच माणसाच्या हातून सांगलीत फुलल्या. तेव्हा कार्टूनमधील भीम पडद्यावर नटाच्या रूपाने आला, यात सांगलीकरांनी नाक मुरडावे असे काही नाही.

हा भीम परदेशी नाही, हेही मान्य केले पाहिजे. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या संस्थेने तो निर्माण केला. धोतर नेसणारा, लाडू खाणारा नायक भारतीय मुलांना मिळाला, ही गोष्ट लहान नाही. पण भांडवल स्वदेशी झाले म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही. प्रश्न दोन आहेत. मुलांच्या या अद्भुताचा मालक कोण? आणि ते अद्भुत मुलांना जनतेविषयी काय शिकविते?

पहिला प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. नवे पात्र बाजारात आणावयाचे तर जोखीम असते. लोकांना ते ठाऊक नसते, त्याच्या जाहिरातीवर खर्च करावा लागतो. ओळखीचे पात्र मात्र मुलांनीच वर्षानुवर्षे पाहून मोठे केलेले असते. त्यामुळे एकदा मालिका, मग कार्टून चित्रपट, मग नटांचा चित्रपट, अशी एकाच मालमत्तेतून पुनःपुन्हा पिके काढता येतात. दप्तर, डबा, पाण्याची बाटली, खेळणे यांवर त्या पात्राचे चित्र छापावयाचे तर मालकाला परवान्याची रक्कम मोजावी लागते आणि ती वस्तूच्या किमतीत मिसळून शेवटी आईबापांच्या खिशातून जाते. जमिनीचा खंड ज्यांनी पाहिला आहे त्यांना या रकमेची जात ओळखू येईल. चित्रे काढणारे हात सामान्यतः पगारी असतात. पात्राच्या कमाईत त्यांना वाटा नसतो. १९४८ च्या कूळकायद्याने 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाकडे पाऊल टाकले. कल्पनेच्या शेतात मात्र मुले कसतात आणि खंड मालक नेतो.

अमेरिकेतील मुलांनाही हा अनुभव आला आहे. 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' या २००५ ते २००८ मधील मालिकेवर २०१० साली नटांचा चित्रपट निघाला. आशियाई संस्कृतींच्या धर्तीवर रचलेल्या त्या जगातील प्रमुख भूमिका गोऱ्या नटांना दिल्या गेल्या, तेव्हा मालिकेवर प्रेम करणाऱ्या प्रेक्षकांनीच निषेध केला. जे जग आपले मानून ते वाढले, त्यात आपला शब्द चालत नाही, हे त्यांना तेव्हा उमगले.

दुसरा प्रश्न राजकीय आहे. ढोलकपुरात राजा इंद्रवर्मा आहे, राजकन्या आहे, प्रजाही आहे. संकट आले की राजा हतबल होतो, प्रजा पळते आणि नऊ वर्षांचा एक बलवान मुलगा सर्वांना वाचवितो. नव्या चित्रपटातही सोनापूर नगरी, तिच्या सोन्याचे आमिष, दमयान हा असुर, हजार वर्षे मागे जाणारा काळ आणि भीमाचे बाहुबल असाच सारा व्यूह आहे. प्रजेला टाळ्या वाजविण्यापलीकडे काम नाही. संकटातून सोडविणारा कोणी एक महाबली असतो, हा धडा ज्या मुलाने दररोज गिरविला, त्याने मोठेपणी मतपेटीपुढे उभे राहून महाबलीच शोधला तर नवल कसले?

सातारा-सांगलीच्या मातीतील गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार उभे राहिले. नानांचे नाव मोठे. पण ते सरकार चालले ते गावोगावच्या न्यायमंडळांवर आणि भूमिगतांना भाकरी देणाऱ्या घरांवर. पुढे १९८२ च्या गिरणी संपानंतर खानापूर तालुक्यात परतलेले कामगार व दुष्काळग्रस्त शेतकरी यांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. येरळा नदीतील वाळू ठेकेदार उपसून नेत होते. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी त्या वाळूवर गावाचा हक्क सांगितला, ती विकून आलेला पैसा आणि स्वतःचे श्रम घालून बळीराजा स्मृती धरण बांधले आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा असावा, हे तत्त्व मांडले. कथेतील सोनापूरच्या सोन्याने माणसे मोहात पडली; येरळेच्या वाळूने माणसे एकत्र आली. यापेक्षा अद्भुत कथा कोणती? परंतु ती सांगणारे कार्टून कोणत्याही मुलाच्या दप्तरावर नाही.

अशा कथा पडद्यावर येऊ शकत नाहीत, असे नव्हे. 'एक अनेक और एकता' हा विजया मुळे यांचा १९७४ चा कार्टून लघुपट एका पिढीने दूरदर्शनवर पाहिला. जाळ्यात सापडलेले पक्षी एकदम उडतात, जाळे घेऊन जातात, उंदीर ते कुरतडतात आणि सर्व सुटतात. त्यात महाबली कोणी नाही. तो फिल्म्स डिव्हिजनने जनतेच्या पैशातून निर्माण केला. खास मुलांसाठी चित्रपट काढावेत म्हणून १९५५ साली शासनाने चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी स्थापन केली होती. २०२२ साली या दोन्ही संस्थांचे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले. कार्यक्षमतेचे कारण पुढे करण्यात आले. पण मुलांचा चित्रपट ही शाळेसारखीच सार्वजनिक जबाबदारी आहे, हा विचार त्यात मागे पडला. शासनाने मोकळी केलेली जागा रिकामी राहत नाही. ती बाजार व्यापतो.

मुलांना छोटा भीम पाहू नका असे सांगणे हा यावरील उपाय नव्हे. तसे सांगणाऱ्याचे मुले ऐकणारही नाहीत आणि त्यांनी ऐकू नयेच. मुलांच्या चित्रपटासाठी स्वतंत्र आणि स्वायत्त सार्वजनिक संस्था पुन्हा हवी, ही मागणी पक्षाच्या कार्यक्रमात आली पाहिजे. जिल्हा नियोजनातून गावच्या ग्रंथालयात आणि शाळेत बालचित्रपटांचे विनामूल्य खेळ व्हावेत, यासाठी आग्रह धरला पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा शिक्षण ही श्रीमंतांची मिरास आहे, हे त्यांनी मानले नाही. स्वप्नांच्या बाबतीत तरी ते का मानावे?

आणि कार्यकर्त्यांनी स्वतः करण्याजोगे एक काम आहे. त्याला अनुदान लागत नाही. सुटीत मुलांना येरळेकाठी न्यावे, धरण दाखवावे, ते बांधणाऱ्यांपैकी जे वृद्ध आज हयात असतील त्यांच्याकडून ती हकीकत ऐकवावी आणि मुलांच्या हाती कागद, रंग व बाहुल्या द्याव्यात. मुले त्या कथेत राक्षस घालतील, उडणारा घोडाही घालतील. घालू द्यावा. फक्त शेवटी राक्षस कोणी मारला, असे विचारले असता, 'आम्ही सगळ्यांनी' असे उत्तर यावे.