सत्तावीस हुकलेले नेम आणि सरासरीचा भरवसा

गतविजेत्या बोस्टन सेल्टिक्सने ५ मे २०२५ रोजी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध घरच्या मैदानावर तीन गुणांच्या बास्केटसाठी तब्बल ६० प्रयत्न केले. त्यातील ४५ हुकले. वीस गुणांची आघाडी गमावून सेल्टिक्सने तो सामना जादा वेळेत १०५-१०८ असा घालवला आणि अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या म्हणजेच ‘एनबीए’च्या वर्तुळात एक जुना वाद पुन्हा उफाळून आला. गणित बरोबर असूनही संघ हरतो, तेव्हा दोष कोणाचा? या वादात हमखास दाखला दिला जातो तो २८ मे २०१८ रोजी ह्युस्टन येथे झालेल्या सामन्याचा.

पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील तो सातवा आणि निर्णायक सामना होता. मोसमात ६५ विजय मिळवलेल्या ह्युस्टन रॉकेट्ससमोर गतविजेते गोल्डन स्टेट वॉरियर्स उभे होते. मध्यंतराला ह्युस्टनकडे ५४-४३ अशी आघाडी होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये वॉरियर्सने ३३ गुण केले, ह्युस्टनने अवघे १५. अखेर वॉरियर्स १०१-९२ असे जिंकले. केव्हिन ड्युरांटने ३४ गुण नोंदवले. स्टीफन करीच्या २७ पैकी १४ गुण एकट्या तिसऱ्या क्वार्टरमधील होते. ह्युस्टनच्या जेम्स हार्डनचे ३२ गुण वाया गेले.

मात्र हा सामना लक्षात राहिला तो वेगळ्याच आकड्यांमुळे. ह्युस्टनने तीन गुणांसाठी ४४ प्रयत्न केले आणि त्यातील केवळ ७ साधले. हार्डन १३ पैकी २, एरिक गॉर्डन १२ पैकी २, ट्रेव्हर अरिझा ९ पैकी शून्य. मध्यंतराआधी सुरू झालेली अपयशाची मालिका चौथ्या क्वार्टरमध्ये पी. जे. टकरने खंडित केली, तोवर सलग २७ नेम हुकले होते. तिसऱ्या क्वार्टरमधील तर १४ पैकी १४.

या आकड्यांचा अर्थ लावण्यापूर्वी ह्युस्टनचा हिशेब समजून घ्यायला हवा. संगणकशास्त्राचे पदवीधर असलेले डॅरिल मोरी यांच्याकडे २००७ पासून संघाची सूत्रे होती. त्यांचे तर्कशास्त्र शाळकरी गणिताइतके साधे होते. २०१७-१८च्या मोसमात ह्युस्टनने तीन गुणांचे ३,४७० प्रयत्न केले आणि १,२५६ साधले, म्हणजे ३६.२ टक्के. प्रत्येक प्रयत्नामागे सरासरी १.०९ गुण पदरात पडले. दोन गुणांच्या बास्केटमधून तेवढेच मिळवायचे तर ५४ टक्क्यांहून अधिक नेम अचूक लागले पाहिजेत. बास्केटच्या अगदी खाली ते जमते, मधल्या अंतरावरून क्वचितच. म्हणूनच निम्म्याहून अधिक प्रयत्न तीन गुणांच्या रेषेबाहेरून करणारा एनबीएच्या इतिहासातील पहिला संघ हा मान ह्युस्टनला मिळाला.

या सरासरीने त्या रात्री ४४ पैकी १६ नेम लागायला हवे होते. एवढे कशाला, चारांतील एक लागता तरी ११ बास्केट झाले असते आणि कागदावर ह्युस्टन १०४-१०१ असे जिंकले असते! अर्थात प्रत्येक बास्केटनंतर खेळाचा पुढचा ओघ बदलतो, हे असे हिशेब मांडणारे सोयीस्करपणे विसरतात.

मग हे निव्वळ दुर्दैव होते काय? ३६.२ टक्के यशाची शक्यता धरली आणि प्रत्येक नेम स्वतंत्र मानला, तर ठरावीक २७ प्रयत्न सलग हुकण्याची शक्यता सुमारे १ लाख ८५ हजारांत एक इतकी भरते. हा आकडा छाती दडपून टाकणारा खरा. पण निर्णायक सामन्यात, वॉरियर्सच्या बचावासमोर, दमलेल्या पायांनी तेच यश ३० टक्क्यांवर येईल असे गृहीत धरले, तर हीच शक्यता सुमारे १५ हजारांत एक होते. अपयशाची मालिका ४४ प्रयत्नांत कोठूनही सुरू होऊ शकते, हे लक्षात घेता ती आणखी वाढते. गृहीतक जरासे हलवले की दुर्दैवाचे माप बारा पटींनी बदलते. तेव्हा सारा दोष नशिबावर टाकण्याचा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही.

ह्युस्टनकडे दुसरा मार्ग उरला नव्हता, हे अधिक महत्त्वाचे. पाचवा सामना ९८-९४ असा जिंकून संघाने मालिकेत ३-२ अशी आघाडी घेतली. पण त्याच सामन्याच्या अखेरीस ख्रिस पॉलचा हॅमस्ट्रिंग दुखावला आणि तो उरलेले दोन्ही सामने खेळू शकला नाही. मधल्या अंतरावरून नेम साधण्यात पॉल वाकबगार होता. संघाच्या सूत्रात न बसणारा, पण सूत्र फसल्यावर डाव सावरणारा हा खेळाडू नेमका बाकावर होता. वॉरियर्सनाही आंद्रे इगुडालाविना खेळावे लागले हे खरे, परंतु त्यांच्याकडे ड्युरांट होता. समोर बचावपटू असतानाही कोणत्याही अंतरावरून बास्केट करू शकणारा खेळाडू जवळ असणे हा मोठाच विमा ठरतो.

सरासरी ही ८२ सामन्यांत खरी ठरते. पन्नासची सरासरी असलेला फलंदाजही अंतिम सामन्यात शून्यावर बाद होतो, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना सांगायला नको. दुबळ्या संघाने धोका पत्करावा, हे समजू शकते. परंतु मध्यंतराला ११ गुणांनी पुढे असलेल्या संघाने एकामागून एक चौदा नेम हुकत असताना खेळाची तऱ्हा बदलू नये, हे पटत नाही. वारंवार फ्री थ्रो मिळवण्यात त्या काळी हार्डनची बरोबरी करणारे फारसे कोणी नव्हते. बास्केटकडे मुसंडी मारून प्रतिस्पर्ध्यांना फाउल करायला लावण्याचा पर्याय खुला होता. प्रशिक्षक माइक डी’अँटोनी मात्र मोसमभर जमलेल्या पद्धतीवरच विसंबून राहिले.

ह्युस्टनच्या व्यवस्थापनाने पुढे वेगळाच हिशेब मांडला. पंचांच्या चुकांमुळे या सामन्यात संघाचे १८.६ गुण बुडाले, असा त्यांचा अहवाल एप्रिल २०१९ मध्ये प्रसारमाध्यमांतून उघड झाला. एनबीएने त्यामागील पद्धत अमान्य केली. न दिलेल्या फाउलची किंमत दशांश चिन्हापर्यंत काढणाऱ्या या अहवालाने आकड्यांच्या समर्थकांचीच अधिक अडचण केली, असे म्हणावे लागेल.

पराभवानंतरही ह्युस्टनने मार्ग सोडला नाही. २०१८-१९ मध्ये तीन गुणांचे प्रयत्न सामन्यामागे ४२.३ वरून ४५.४ वर गेले. १० मे २०१९ रोजी दुसऱ्या फेरीच्या सहाव्या सामन्यात वॉरियर्स पुन्हा ह्युस्टनमध्ये उतरले, तेव्हा ड्युरांट दुखापतीमुळे बाहेर होता आणि पॉल तंदुरुस्त. मध्यंतरापर्यंत करीला एकही गुण करता आला नाही. उत्तरार्धात त्याने ३३ गुण केले आणि वॉरियर्सने ११८-११३ अशा विजयासह मालिका ४-२ अशी संपवली.